स्क्वॉट मारा, पण खाली बसू नका

जिम लावलीत? छान. वर्षाची फी एकरकमी भरलीत? मग तर फारच छान, कारण यापुढे तुमच्याकडे लक्ष द्यायचं कुणालाच कारण उरलेलं नाही. छाती आणि बायसेप्स तुम्ही आपसूक शिकाल, समोर आरसा असतो. स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन खाली बसून उठणं, मात्र कुणीतरी शिकवावा लागतो, आणि तो शिकवायची आपल्या जिममध्ये एक ठरलेली रीत आहे. रोज संध्याकाळी मी ती डोळे भरून बघते. तुम्हालाही तिचा लाभ व्हावा म्हणून हा प्रपंच.

पहिलं म्हणजे, रिकाम्या बारला हात लावायचा नाही. ऑलिंपिक बार नुसताच 20 किलोचा असतो हे तुम्हाला ठाऊक असेल, पण लेग प्रेसवर बसून मोबाईल बघणाऱ्याला दिसते ती फक्त एक लांब सळई. इज्जतीचा प्रश्न आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी दोन्हीकडे वीस-वीसची एकेक प्लेट चढवा, झाले 60. पुढच्या आठवड्यात 80. प्लेटा घसरू नयेत म्हणून लावायच्या क्लिपा शोधत बसू नका, त्या नसतातच.

कुणी शहाणा म्हणेल, आधी छातीशी एक डंबेल उभं धरून बसायला शिका. वजन पुढे असलं की पाठ ताठ राहते, मागे कलंडायला होत नाही, टाचा जमिनीवर राहतात. म्हणू दे. त्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात आणि तो आपल्याकडे फक्त लेडीज बॅचला करायला लावतात, तोही गुलाबी डंबेलने.

बूट पळायचेच घाला, जाड गुबगुबीत सोलचे. पाठीवर वजन आल्यावर पायाखालची जमीन जरा डुगडुगली पाहिजे, नाहीतर मजा काय!

बेल्ट पार्किंगमध्येच बांधून या.

रॅक, म्हणजे बार टेकवायचा सांगाडा, रिकामा दिसला तर त्यात बायसेप्स मारा.

आता बार कुठे ठेवायचा? मानेवर. मान खाली घातली की मागे जो मणका वर येतो, नेमका त्याच्यावर. त्यासाठीच तर फोमची ती गुंडाळी ठेवलेली आहे, जिच्यात जिमच्या उद्‌घाटनापासूनच्या तमाम मेंबरांचा घाम मुरलाय. खांद्याची पाती मागे आवळायची, मानेखाली स्नायूंचा जो उंचवटा तयार होतो त्यावर बार टेकवायचा आणि हातांनी तो पाठीशी घट्ट ओढून धरायचा, असले चोचले करायचे नाहीत. बार उचलला की मागे सरकत सरकत थेट पाण्याच्या कूलरपर्यंत जा. दोन पावलांत थांबायला आपण काय घाबरट आहोत?

मग खाली जायचं. म्हणजे जायचं नाही. गुडघे जरा लवले, तोंडातून ‘हंऽऽ’ असा आवाज निघाला, की झाला एक रेप, म्हणजे एक आवर्तन. पॉवरलिफ्टिंगच्या नियमानुसार खुब्यापाशी मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या माथ्याच्या खाली जावी लागते, नाहीतर पंच लाल दिवा लावतात. पण त्या तिघा पंचांपैकी दोघं बाजूला बसलेले असतात, आणि तुमचा व्हिडिओ काढणारा मित्र समोर उभा असतो. समोरून काढलेल्या व्हिडिओत किती खाली गेलात हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. या सोयीचा पुरेपूर फायदा घ्या. चार बोटं लवून वर यायची एकदा सवय झाली की शंभर किलो कुठे जात नाहीत. आमच्याकडे एक गृहस्थ 140 घेतात. देवघरापुढे वात खाली पडली तर ती उचलायला त्यांना बायकोला हाक मारावी लागते, असं त्यांची बायकोच सांगते. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

आता गुडघे. स्क्वॉटबद्दलचा एकच नियम आपल्याकडे झाडून सगळ्यांना पाठ आहे: गुडघे पायाच्या बोटांपुढे जाता कामा नयेत. हा प्राणपणाने पाळा. कुणी सांगितला म्हणून विचारू नका. आमच्या ट्रेनर सरांना त्यांच्या सरांनी सांगितला, त्यांना आणखी कुणी. गुडघ्याच्या या भीतीचं मूळ शोधायला मी निघाले ती पोचले टेक्सासला. 1961 च्या सुमारास तिथल्या कार्ल क्लाइन या संशोधकांनी निष्कर्ष काढला, की पार खाली बसलं की गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, सैल पडतात. तो जगभर पसरला. पुढे इतरांनी तपासून पाहिलं तर तसं काही आढळलं नाही, पण ती बातमी आमच्या जिमपर्यंत यायला अजून थोडा अवधी आहे. साठ-पासष्ट वर्षंच तर झालीत. मग 2003 साली अमेरिकेत काही संशोधकांनी सात जणांना बार देऊन प्रत्येकाच्या पायांपुढे फळी उभी केली, की गुडघे पुढे जायलाच नकोत. गुडघ्यावरचा ताण उतरला खरा, साधारण 150 वरून 117 न्यूटन-मीटरवर. आणि खुब्यावरचा? 28 वरून 300 च्या पुढे! गुडघा अडवला तर तोल सांभाळायला माणूस कंबरेतून पुढे वाकणारच. म्हणजे धाकट्याचं कर्ज फेडायला थोरल्याच्या नावावर दहापट काढलं. लेग डेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे निम्मे लोक कंबर धरून का चालतात, याचा उलगडा मला इथे झाला. तुम्ही तो मनातच ठेवा, सरांना सांगू नका. सर म्हणतात, ‘ताई, इंटरनेटवर काहीही लिहितात.’

तालमीतल्या पैलवानालाही सांगू नका. बैठक मारताना त्याच्या टाचा उचललेल्या असतात आणि गुडघे बोटांच्या चांगले वीतभर पुढे. कोल्हापूरच्या लाल मातीत पिढ्यान्‌पिढ्या शेकड्यांनी बैठका निघाल्या, त्या सगळ्या चुकीच्याच. मीराबाई चानूचंही चुकलंच. टोकियोत 2021 साली 49 किलो गटात रौप्यपदक घेतलं तिने. स्नॅचचे, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात वर न्यायचे, 87 किलो डोक्यावर झेलताना ती पार खाली बसलेली होती आणि गुडघे बोटांच्या पुढे होते. आमच्या सरांकडे आली असती तर तिला त्यांनी ते गुलाबी डंबेल दिलं असतं.

वर येताना गुडघे आत घ्या, एकमेकांना आपटले तरी चालेल.

श्वासाचं विचाराल तर घेत राहा. किंवा सोडत राहा.

शेवटचा सल्ला सुरक्षेबद्दल. रॅकला दोन आडव्या दांड्या असतात, त्यांना सेफ्टी पिना म्हणतात. माणूस खाली अडकला तर बार त्यांच्यावर टेकावा म्हणून त्या असतात. त्या आधी काढून टाका. मध्ये मध्ये येतात, बार त्यांच्यावर आपटून आवाज होतो, आणि रीलमध्ये बऱ्या दिसत नाहीत. काढून कुठे ठेवायच्या याचंही मार्गदर्शन मिळेल. आमच्याकडे एक पिन मॅटच्या ढिगामागे आहे आणि दुसरी मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अटकवलेली आहे. दार आता आपटत नाही. उत्तम काम झालंय.

परवा एक मुलगा आला होता. इंजिनीअरिंगचा असेल, सॅक अजून कोपऱ्यात, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. नवीनच. सरांनी त्याला स्क्वॉट ‘दाखवला’, म्हणजे स्वतः अर्धा मारून दाखवला आणि म्हणाले, ‘असा.’ मग त्याच्या बारला प्लेटा लावल्या. एक सेट झाला, अजून लावल्या. पोरगं म्हणालं, सर, जास्त होतंय. ‘काय होत नाही रे वाघा, मार!’ तेवढ्यात काउंटरवर नवीन एन्क्वायरी आली. दोघं नवराबायको, कपल ऑफर विचारायला. सर गेले. वाघ तसाच बाराखाली.

दुसऱ्या की तिसऱ्या रेपला तो खाली गेला आणि वर आलाच नाही. आधी गुडघे आत आले, मग टाचा उचलल्या, मग पाठीची कमान झाली आणि बार सरकत मानेवर चढायला लागला. तोंड जांभळं. ओरडताही येत नव्हतं, ओरडायला हवा लागते. वर स्पीकरवर गाणं इतकं मोठं, की ओरडला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मी एका बाजूला धावले, ट्रेडमिलवरचे एक काका पट्टा चालू ठेवून उडी मारून दुसऱ्या बाजूला. दोघांनी मिळून बार कसाबसा वर घेतला. बार अडकवायलाही धड जमेना, कारण रॅकचा एक हूक वाकडा आहे. कधीपासून वाकडा आहे, सगळ्यांना माहीत आहे, तक्रार वहीत लिहिलेली आहे, वहीला दोरीने पेन बांधलेलं आहे, पेनात शाई नाही.

मुलगा खाली बसला. मांड्या थरथरत होत्या. पाण्याची बाटली उघडता येईना, काकांनी उघडून दिली. सर परत आले तेव्हा तो त्यांना काय म्हणाला असेल? ‘सॉरी सर.’

सॉरी! त्याने म्हणायचं!

आणि सर म्हणाले, ‘पाय कच्चे आहेत तुझे. पर्सनल ट्रेनिंग घे, तीन महिन्यांत तयार करतो.’

मी तिथे काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. काका मला ‘जाऊ द्या मॅडम, जाऊ द्या’ करत होते. का जाऊ द्या? त्या पोराची आई घरी पोळ्या लाटत असेल, पोरगं व्यायामाला लागलं म्हणून कौतुक करत असेल. ज्या माणसाने त्याच्या पाठीवर वजन ठेवलं त्याने निदान तिथे उभं तरी राहावं की नाही? एवढी साधी अपेक्षा आहे. तुमचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलंय, त्यावर लेझर लाईट सोडलाय, आणि माणूस बाराखाली असताना पाठ फिरवू नये हे त्यात शिकवलं नाही? कपल ऑफर दोन मिनिटं थांबली नसती?

मालकांना तर काय बोलावं. नवीन एलईडी आले, सेल्फी पॉइंट आला, कॉफीचं मशीन आलं. वाकडा हूक बदलायला एक वेल्डर बोलवायचा असतो हो. एक वेल्डर.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचत हसत होतात ना? तुम्हालाही सांगते, आता उपरोध-बिपरोध काही नाही. सरांनी प्लेट लावली तर काढून ठेवता येते, हात आहेत तुम्हाला. ‘आज एवढंच’ म्हणायला लाजू नका. बघणारे बघत नसतात, ते स्वतःचे दंड बघत असतात. आधी नुसतं बसायला शिका, मग डंबेल घेऊन, मग रिकामा बार. पाय खांद्याइतके फाकवून, पंजे थोडे बाहेर वळवून, गुडघे पंजांच्या दिशेने जाऊ द्या. टाचा जमिनीवर असतील तर गुडघा बोटांपुढे गेला म्हणून पोलीस पकडत नाहीत. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेत, त्यांच्यावर काम करा, तोवर टाचांखाली छोट्या प्लेटा घ्या. खाली जाण्याआधी पोटात श्वास भरा, पोट कडक करा, वर येताना अवघड टप्पा ओलांडला की सोडा. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ट्रेनरला नव्हे. गुडघा खरंच दुखत असेल तरी डॉक्टरच. प्रत्येक सेट नीट जमायला लागला की अडीच किलो वाढवा. अडीच. वीस नाही. आणि व्हिडिओ काढायचाच असेल तर बाजूने काढा, पोटात गोळा येईल पण कळेल तरी.

आणि पडायला शिका. रिकामा बार घ्या, पिना अशा उंचीला लावा की पूर्ण खाली बसल्यावर बार त्यांच्या दोन बोटं वर राहील. मग मुद्दाम थोडं आणखी खाली जा, बार पिनांवर टेकवा आणि त्याच्याखालून पुढे निघून या. हे कुणी शिकवत नाही. चार-पाच वेळा केलंत की वजन पेललं नाही तर काय करायचं हे अंगाला कळतं, आणि मग घाबरून अर्ध्यातून वर यायची गरज राहत नाही.

पिना नसतील तर काउंटरवर जाऊन मागा. फी भरलीय तुम्ही, फुकट नाही आलात. ‘आहेत इथेच कुठेतरी’ म्हणाले तर हलू नका तिथून, आणून हातात देईपर्यंत उभे राहा. आमच्याकडची एक मागच्या दाराला आहे, तीही काढून आणा. आपटू दे दार.