ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही

दातदुखीवरच्या या लेखात ‘दाढेचा ठणका आपोआप थांबला तरी दाखवून घ्या’ हे एकाच ओळीत उरकलंय. त्यावर जास्त लिहायला हवं होतं. माझ्या वडिलांची खालची दाढ चार रात्री ठणकत होती. आडवं झालं की जास्तच. गरम चहाचा घोट घेतला की कळ मिनिटभर तरी जात नसे. पाचव्या दिवशी सगळं शांत झालं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. खरं तर आतली नस मेली होती, जंतुसंसर्ग मुळाशी चालूच होता. आठवड्याने गाल सुजला, तोंड दोन बोटंही उघडेना. त्यात अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानेच घेतल्या होत्या. गोळीने सूज तात्पुरती ओसरते, पण मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोचत नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? दाढेच्या आतली ती नसेची पोकळी साफच करावी लागते, रूट कॅनालमध्ये तेच करतात. त्यातच एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे गेलो, तेव्हा दाढ वाचली.

सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, यात जीव जाऊ शकतो.

आणि कृपा करून दुखऱ्या हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी ठेवू नका, हिरडी भाजते. आमच्याकडे तेही झालं होतं.