आउट न होण्याची शिक्षा

सकाळपासून डोकं तापलंय. भाच्याची चौदा वर्षांखालची मॅच बघायला गेले होते. चेंडू नवा, विकेटवर ओल, समोरचा पोरगा दोन्हीकडे स्विंग करत होता. आणि आमचा ओपनर, एवढंसं पोर, ऑफस्टंपबाहेरचे चेंडू काय सुंदर सोडत होता! बॅट वर, नजर शेवटपर्यंत चेंडूवर. शेजारचे पालक ओरडतायत, "अरे मार की, झोपलास का?" ड्रिंक्सला कोचनी त्याला चक्क रिटायर करून बाहेर बसवलं.

मग पुढचे चौघे हवेत मारायला जाऊन पटापट गेले. त्यांना कोणी काही बोललं नाही. "इंटेंट होता" म्हणे, म्हणजे मारायचा इरादा!

हाच इंटेंट घेऊन आपण कसोटी खेळतो. नोव्हेंबर २०२५, ईडन गार्डन्स, समोर दक्षिण आफ्रिका. १२४ हवे होते, ९३ मध्ये आटोपलो. त्याच विकेटवर त्यांचा कॅप्टन बवुमा १३६ चेंडू खेळून नाबाद ५५. अख्ख्या सामन्यातलं ते एकमेव अर्धशतक. त्याला जमलं, कारण त्याचा स्वतःच्या डिफेन्सवर विश्वास होता. आपल्या पोरांचा असेल कुठून? चौदाव्या वर्षीच तो आपण मोडतो.

ब्रिस्बेन २०२१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या दिवशी पुजारा २११ चेंडू खेळला, ५६ धावा. हेल्मेटवर, बोटांवर, बरगड्यांवर चेंडू घेतले, पण विकेट फेकली नाही. समोरच्या बॉलरचे पाय जड होतात ते अशाने. तिसऱ्या स्पेलला वेग उतरतो, चेंडू मऊ पडतो, मग मागच्यांना हात मोकळे करता येतात. हो, सामना जिंकून दिला तो पंतच्या नाबाद ८९ नी, मान्य. पण त्याच्यासमोर आलेले बॉलर दमवले कोणी?

आमचा तो ओपनर पॅड न काढता एकटाच बसला होता. जवळ जाऊन म्हटलं, फार छान खेळलास रे. तर म्हणतो, "पण काकू, रन कुठे झाले?" काय बोलणार? पाठीवर हात ठेवला फक्त.

टी-ट्वेंटीमुळे पोरं मैदानावर येतात, कबूल. तिथे खुशाल मारा. पण "टुकूटुकू आता कोण बघतं" हे मला सांगू नका. जुलै २०२५ ला लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध जडेजा १८१ चेंडू उभा होता. बुमराने ५४ खेळले, सिराजने ३०. हरलो २२ धावांनी. त्या संध्याकाळी तटवलेल्या एकेका चेंडूवर जीव मुठीत धरून बसलेले तुम्हीच होतात ना? माझ्या अर्ध्या फ्रेंडलिस्टने त्या रात्री पोस्टी टाकल्या होत्या.

मग तेच एखादं पोर करत असेल तर त्याला करू द्या. चौदाखालच्यांना दोन दिवसांच्या मॅचेस द्या, आणि त्यांच्या स्कोअरशीटवरून तो स्ट्राइक रेटचा, म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा याचा, रकाना आधी काढा. किती चेंडू खेळला ते लिहा.