ही चिनी भांड्यांची नक्कल नाही, आणि त्यावर आयतीही नाहीत

पांढऱ्या वाडग्यावर काळी अरबी अक्षरं, असा एक फोटो सध्या सगळीकडे फिरतोय आणि खाली लिहिलंय की मध्ययुगीन मुस्लिम कुंभारांनी चिनी भांड्यांची स्वस्त नक्कल केली, चित्रांना बंदी होती म्हणून नुसत्या कुराणातल्या आयती लिहिल्या. मला ही भांडी जीव लावून आवडतात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी नक्कल. चिनी पांढरी भांडी मुस्लिम मुलखात पोचत होती आणि तसा पांढरेपणा लोकांना हवा होता, हे खरंय. पण फोटोतला प्रकार ९व्या-१०व्या शतकातला, सामानी या इराणी घराण्याच्या राजवटीतल्या निशापूर (आजचं इराण) आणि समरकंद (आजचं उझबेकिस्तान) या शहरांचा, आणि तिथल्या कुंभाराच्या हाताशी होती लालसर नाहीतर पिवळट माती. मग त्याने पांढरी माती पाण्यात कालवून धिरड्याच्या पिठासारखी पातळ केली आणि भांड्यावर तिचा थर दिला, यालाच स्लिप म्हणतात. खरी कमाल पुढेच आहे, कारण वरून शिशाचं पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, असायचं आणि भट्टीत ते वितळलं की खालचा रंग ओघळून अक्षरं फिसकटायची. म्हणून त्यांनी रंगच मातीत कालवला, मँगनीजचा काळा, लोहाचा लाल, मग तो लावला तिथेच धरून बसला. हजार वर्षांनी त्या कडा अजून धारदार आहेत, याला नक्कल कसं म्हणायचं?

आयतींचं म्हणाल तर बहुतेक मजकूर सुभाषितं आणि आशीर्वाद आहेत, "मालकाला बरकत" वगैरे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक मोठा वाडगा आहे, ४५ सेंमीच्या आसपास रुंद, त्याच्या काठाने कुफिक, म्हणजे जुन्या कोनदार अरबी वळणाची, अक्षरं गोल फिरलीयत, उभे दांडे ताणून मध्याच्या दिशेने रोखलेले, आणि मधला सगळा भाग मोकळा पांढरा. मजकूर काय, तर कामाआधी नीट आखणी केलीस तर पस्तावा टळेल, आणि शेवटी समृद्धी नि शांती. जेवणाच्या भांड्यावर!

चित्रबंदीचा मुद्दा तर निशापूरच्याच मातीत खोटा पडतो. याच म्युझियमच्या लोकांनी १९३५ ते १९४० तिथे उत्खनन केलं. त्याच शहरात, त्याच काळात पिवळट भांडीही बनत होती ज्यांच्यावर काळ्या रेषांत घोडेस्वार, पक्षी, जनावरं काढून पिवळा-हिरवा रंग भरलाय, मोकळी जागासुद्धा पानाफुलांनी गच्च भरलेली. एका दुकानात अक्षरांचा वाडगा घ्या, दुसऱ्यात घोडेस्वाराचा, गिऱ्हाइकाला दोन्ही मिळत होतं.