मर्यादवेल उपटण्याआधी

समुद्रकाठी घर असणाऱ्यांसाठी सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. पुळणीत कस नसतो, त्यामुळे तिथे माजलेली मर्यादवेल उपटावी, वाळूवर वीतभर तांबडी माती आणि शेणखत पसरावे, वेडेलिया ही शोभेची पसरणारी वेल लावावी व तिला रोज पाणी घालावे, असे त्यात म्हटले आहे.

पुळणीत कस नसतो हे खरेच आहे. पण मर्यादवेलीला तो लागत नाही. आपट्यासारखी दुभंगलेली तिची पाने जाड व मांसल असतात (शास्त्रीय नावात मात्र त्यांना बकरीच्या खुराची उपमा आहे), मूळ खोल जाते आणि जमिनीवर कित्येक मीटर पसरणाऱ्या वेलीला पेरापेराशी नवी मुळे फुटतात. वाऱ्याने वाळू अंगावर आली, तर गाडली गेलेली वेल त्याच वाळूत मुळे धरून पुन्हा वर येते. म्हणूनच खारे वारे आणि एप्रिल-मेचे ऊन सोसूनही ती हिरवी राहते. अशी वेल असताना वाळूवर माती-खत घालण्यात पैसा तर जातोच, शिवाय मातीबरोबर आलेले तण निवांत रुजते. शिवाय वाळूची टेकडी ही आपली परसबाग नव्हे. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ती सर्वांत संवेदनशील गटात येते.

‘बेशरमच्या जातीची, म्हणजे सगळे व्यापणार’ ही भीतीही त्या सल्ल्यात घातली आहे. दोन्ही एकाच कुळातल्या आणि एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) असल्या, तरी बेशरम अमेरिकेतून आलेली आणि ओढ्या-तळ्यांच्या काठी माजणारी आहे, तर मर्यादवेल आपल्या किनाऱ्याचीच आहे व मोकळ्या, उन्हातल्या वाळूत रमते. खरी धास्ती घ्यायची तर सल्ल्यात सुचवलेल्या वेडेलियाचीच घ्यावी. तीही उष्णकटिबंधीय अमेरिकेतलीच असून, जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक परकीय जातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आहे.

रोजच्या पाण्याबद्दल फार लिहायला नको. रोप लागेपर्यंत पाणी द्यावे, पुढे पाऊस पुरतो.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागेल. ही हिरवळ पायदळी तुडवण्यासाठी नाही. मुलांना खेळायला ती उपयोगाची नाही, आणि रोज ज्या वाटेने चालतो तिथे ती मरते. त्या वाटेपुरती वाळू उघडी ठेवावी.

लावायची असेल तर जूनच्या पहिल्या सरींनंतर दोन-तीन पेरांचे तुकडे कापून, पेरे वाळूखाली राहतील असे आडवे पुरावेत. बियांपासून करायचे झाल्यास मखमली लव असलेले तपकिरी बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून रात्रभर भिजत घालावे. न घासता पेरले तर ते महिनोन्महिने तसेच पडून राहते. लाटांवर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागूनही ते रुजते, ते याच कडक कवचामुळे.