टांझानियातले ‘९८ टक्के’ आणि तो फिरणारा मेसेज

टांझानियावरचा एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर आलाय. म्हणे ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना ९८ टक्के मतं पडली म्हणजे जनता त्यांच्यासोबत आहे, विरोधक हरायच्या भीतीने लढलेच नाहीत, दंगा बाहेरच्यांनी केला, बोंब मारतोय तो फक्त पाश्चात्त्य मीडिया, आणि घोटाळा झालाच असेल तर कोर्टात का नाही गेले?

आधी ते ९८ टक्के. आकडा निवडणूक आयोगाचाच आहे, मान्य. पण आधीच्या निवडणुकीचा आकडा शेजारी ठेवून बघा ना. २०२० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुलींना ८४ टक्के मिळाले होते, तेव्हाही गडबडीचे आरोप झालेच होते, पण मतं होती साधारण सव्वा कोटी. सामियाबाईंना किती, तर ३ कोटी १९ लाख! पाच वर्षांत अडीच पट. मतदान तेव्हा जेमतेम ५० टक्के, आता ८७. आणि हे सगळं कुठल्या दिवशी, तर दार-एस-सलाममध्ये जाळपोळ चालू होती, देशभर इंटरनेट बंद होतं आणि संध्याकाळी कर्फ्यू लागला त्या दिवशी. एवढी गर्दी नेमकी कुठल्या रस्त्याने केंद्रावर पोचली ते मेसेजवाल्याने सांगावं.

‘लढलेच नाहीत’ हे अर्धं खरं आहे. मुख्य विरोधी पक्ष चाडेमाची घोषणाच होती की सुधारणा नाहीत तर निवडणूक नाही, आणि आचारसंहितेवर सही करायला त्यांनी नकार दिला. पण त्याआधीच एप्रिलमध्ये चाडेमाचे नेते तुंडू लिस्सू यांना सभेनंतर उचललं आणि थेट देशद्रोहाचा खटला टाकला, ज्यात तिथे जामीनच मिळत नाही. हा तोच माणूस, ज्याच्यावर २०१७ मध्ये डोडोमाला गोळ्यांचा पाऊस पडला होता, सोळा गोळ्या लागूनही वाचला आणि परत येऊन २०२० ला लढला. त्याला घाबरट म्हणायचं? बरं, दुसरा पक्ष एसीटी-वाझालेन्डो तर लढायलाच निघाला होता, त्यांच्या लुहागा म्पिना यांना आयोगाने बाद केलं, हायकोर्टाने परत घेतलं, आयोगाने परत बाद केलं. उरले ते छोट्या छोट्या पक्षांचे उमेदवार, ज्यांची नावं खुद्द टांझानियातल्या किती लोकांना माहीत असतील देव जाणे.

बाहेरचे लोक? अटक झालेल्यांत काही पोरं परदेशी आहेत असं शपथविधीच्या भाषणात सामियाबाईंनीच म्हटलं, तो शपथविधीही लष्कराच्या मैदानावर, सामान्य माणसाला प्रवेश नाही. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय निवडणुकीच्या वेळच्या निदर्शनांतल्या शेकडो मृत्यूंबद्दल बोलतंय. एवढी माणसं सीमेपलीकडून मरायला आली होती का?

पाश्चात्त्य मीडियाचं तर सोडूनच द्या. आफ्रिकन युनियनच्या निरीक्षकांनी लिहिलंय की काही केंद्रांवर एकेकाला अनेक मतपत्रिका दिल्या, मोजणीच्या वेळी काही निरीक्षकांना बाहेर जायला सांगितलं. सादक, म्हणजे आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या देशांची संघटना, तिचे निरीक्षकसुद्धा म्हणाले की लोकांना आपला कौल देताच आला नाही. या संघटना सत्ताधाऱ्यांना सहसा सांभाळून घेतात हो. आफ्रिकन युनियनच्या आयोगाच्या अध्यक्षांनी तर आधी अभिनंदनही करून टाकलं होतं, निरीक्षकांचा अहवाल नंतर आला!

आता कोर्ट. टांझानियाच्या राज्यघटनेत कलम ४१(७) आहे: आयोगाने राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याचं जाहीर केलं की कुठल्याही कोर्टाला त्यात लक्ष घालता येत नाही. आणि आयोगावरची माणसं नेमतं कोण, राष्ट्राध्यक्षच. आफ्रिकन मानवाधिकार न्यायालयाने २०२० मध्येच हे कलम चुकीचं ठरवून बदलायला सांगितलं, ते न्यायालय आहे टांझानियातच, आरुशाला. कलम अजून तसंच आहे, आणि सामान्य माणसाने त्या न्यायालयात थेट जायची सोय सरकारने २०१९ मध्येच काढून घेतलीय.