'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: ऑफिसातलं अहो-जाहो

स्पष्टवक्ता, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली होती, पण रागात लिहिलं की भलतंच लिहून जातं म्हणून थांबले. आज परत वाचली, राग तेवढाच आहे, तेव्हा आता लिहूनच टाकते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की ऑफिसात ज्यांच्याशी आपली खास मैत्री नाही अशा प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणावं, साहेबांपासून शिपायापर्यंत, वयाने लहान असतील त्यांनासुद्धा. त्यावर यांचं म्हणणं असं: "काकू, हे सरंजामी डोकं आता सोडा. आमच्या कंपनीत सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, सीईओला पण नावाने हाक मारतात. स्वीडनने हे कधीच मोडीत काढलं. 'तुम्ही'ने अंतर वाढतं, टीम बनत नाही. आणि ईमेलमधलं ते सर सर तर डोक्यात जातं."

पहिलं म्हणजे 'काकू'. तुमची माझी ओळख नाही, माझं वय तुम्हाला माहीत नाही, नातं तर नाहीच. मग काकू कुठून आलं? बाईचं म्हणणं हलकं करायचं असलं की तिला काकू करून टाकायचं, मग मुद्दा खोडायची गरजच उरत नाही, हे मी नोकरीत भरपूर पाहिलंय. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही 'सर, थोडं वेगळं मत आहे' असं सुरू केलं असतंत, याची मला खात्री आहे. मतभेदाचं मला काही वाटत नाही, असे मतभेद इथे रोज येतात आणि मी ते ठेवते. पण समोरच्याला आधी खाली बसवायचं आणि मग बोलायचं ही पद्धत मला चालत नाही. आणि गंमत म्हणून केलं असं आता सांगू नका, पुढच्याच शब्दात 'सरंजामी' आहे.

ईमेलचं मात्र मान्य. दर दोन ओळींनी 'सर', परत शेवटी 'आदरणीय सर', हे वाचायला मलाही जड जातं. सुरुवातीला एकदा नाव घेतलं की पुरे. तिथे तुमचं बरोबर आहे.

आता तुमचं ते वाक्य, "सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात". सगळे म्हणजे कोण हो? तुमच्या मजल्यावर लॅपटॉप घेऊन बसणारे सगळे, की लादी पुसणाऱ्या बाई, गेटवरचे सिक्युरिटी गार्ड, चहा आणून देणारा मुलगा हे पण त्यात धरलेत? कारण त्यांना 'तू' म्हणणारे मी खूप पाहिलेत, पण त्यांच्याकडून उलट 'तू' ऐकून घेणारा एकही पाहिला नाही. त्या बाई तुमच्या सीईओला नावाने हाक मारून 'अरे, पाय वर घे, पुसायचंय' म्हणू शकतात का? म्हणत असतील तर मी माझा लेख मागे घेते. नसतील म्हणत तर तुमचं 'सगळे' हे फक्त वरच्या पगारातल्या लोकांपुरतं आहे, आणि खालच्यांच्या वाट्याला आलेलं 'तू' जुनंच आहे, ज्याचं उत्तर 'हो साहेब' असंच द्यावं लागतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. नोकरीला लागले तेव्हा मी अकाउंट्सला होते. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण होता, माझ्यानंतर लागलेला, वयानेही लहान. आमचे साहेब फाइल घेऊन यायचे, त्याच्यापुढे उभे राहून म्हणायचे, "अहो, तुमचं स्टेटमेंट झालं का?" आणि तिथेच मान वळवून मला, "अगं, तुझं झालं का?" तीच पोस्ट, तेच काम, महिनाअखेरीला दोघांच्या सह्या एकाच रजिस्टरवर. साहेब वाईट नव्हते, मुद्दाम करायचेही नाहीत, आणि तेच तर जास्त लागायचं, की मुद्दाम न करता ते तोंडून आपोआप यायचं. मीटिंगमध्ये काही बोलले की 'अगं, तू थांब जरा', आणि तो बोलला की 'हां, बोला तुम्ही'. आता सांगा कोणाचं म्हणणं मिनिट्समध्ये जायचं. नंतर दुसऱ्या विभागात गेले, तिथल्या बाईसाहेब शिपायालाही 'तुम्ही' म्हणायच्या. चूक झाली तर आवाज चढायचा, अगदी चढायचा, पण वाक्य 'तुम्ही ही एन्ट्री परत बघा' असंच असायचं. त्या खोलीत कोणी कोणाचा बाप काढला नाही. 'तू'वरून 'अक्कल आहे का तुला' वर घसरायला वेळ लागत नाही, 'तुम्ही'वरून घसरताना जीभ एकदा तरी अडखळते. हे अनुभवाने सांगतेय, आणि ज्याने कधी खालच्या टेबलावर बसून ऐकून घेतलं नाही त्याने मला सरंजामशाही शिकवू नये.

आणि सरंजामीच म्हणताय तर थोडा इतिहास बघा. 1912 मध्ये सायबेरियात लेना नदीच्या सोन्याच्या खाणीत संप झाला, कुजलेलं मांस खायला दिलं तिथून ठिणगी पडली. कामगारांच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता, पगारवाढ होती, आणि अधिकाऱ्यांनी आमच्याशी सभ्यपणे, आदरार्थी बोलावं ही पण मागणी होती. त्या संपावर सैन्याने गोळ्या चालवल्या, कितीतरी कामगार मेले. पुढे मार्च 1917 मध्ये झारशाही कोसळताना पेत्रोग्राद सोव्हिएतने, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या कामगार-सैनिकांच्या परिषदेने, सैन्यासाठी जो पहिला हुकूम काढला, त्यात अधिकाऱ्यांच्या 'युअर एक्सलन्सी' वगैरे पदव्या काढून टाकल्या, आणि त्याच हुकमात लिहिलं की सैनिकांना एकेरीत हाक मारायची नाही. म्हणजे वरच्यांचा डामडौल कमी केला आणि खालच्यांना 'तुम्ही' दिलं. ज्यांनी खरोखर सरंजामशाही उलथवली त्यांना 'तुम्ही' हवं होतं, आणि तुम्ही ते मागणाऱ्या मला सरंजामी म्हणताय.

स्वीडनचं म्हणाल तर तेही अर्धंच सांगितलंत. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेड तिथल्या सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की मी तुम्हाला एकेरीत बोलणार आणि तुम्हीही मला तसंच बोला. हे दुसरं अर्धं महत्त्वाचं. त्याआधी तिथे समोरच्याशी बोलतानासुद्धा 'डायरेक्टरसाहेबांना काय वाटतं' असं पदाने बोलायचे, तो गुंता त्यांना नकोच झाला होता. साहेबांनी स्वतःवर एकेरी ओढवून घेतलं, नुसतं खाली ढकललं नाही. दोन्ही बाजूंनी 'तू' असेल तर माझी काहीच तक्रार नाही, हे मी लेखातही लिहिलंय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असतेत तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे जिथे दोन्ही बाजूंनी 'तू' होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी होतच नाही, तिथे दोन्ही बाजूंनी 'तुम्ही' हाच एक सरळ रस्ता राहतो.

शिवाय मराठीत हे लपवता येत नाही, क्रियापदातच येतं. म्हणून नवीन लागलेली मुलं बघा कशी बोलतात, 'ती फाइल पाठवून झाली का', 'जेवण झालं का', 'उद्या यायचंय ना'. ना तू ना तुम्ही, दिवसभर अशी कसरत, किंवा मग सरळ इंग्लिश. तुमच्या त्या मोकळ्याढाकळ्या कंपनीतही हे चालत असणार, जरा कान देऊन ऐका. त्यांना पहिल्याच दिवशी कोणी 'तुम्ही' म्हटलं आणि त्यांनी उलट 'तुम्ही' म्हटलं तर ती कसरत संपते.

अंतर वाढतं, टीम बनत नाही वगैरे, त्यावर काय बोलणार. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला मी अजून 'अहो' म्हणते, आम्ही एकाच विभागात होतो, तिच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये रात्री मी काढल्यात. त्यामुळे ते सोडून द्या.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, 'काकू'सकट राहू दे. पुढचं लिहायचं असेल तर मुद्द्यावर लिहा, आणि त्याआधी तुमच्या मजल्यावर लादी पुसणाऱ्या बाईंचं नाव काय ते विचारून घ्या.