जिन्यातला दिवा बंद करा म्हटलं, तर मध्ये धर्म कुठून आला?

सकाळचे अकरा वाजलेत. जिन्याच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलंय, पायरीवर टाचणी पडली तरी दिसेल इतकं. आणि मान वर करावी तर ट्यूबलाइट चालू. एक नाही, पाच मजल्यांवर पाच. काल चालू होत्या, परवा चालू होत्या. आमच्या इमारतीतल्या रहिवाशांच्या ज्या बैठकीत मी हा विषय काढला ती याच जिन्याच्या तळाशी भरली होती, आणि बैठक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्या आमच्या डोक्यावर तशाच जळत होत्या.

माझी मागणी काय होती? दिवसा हे दिवे बंद ठेवा, नाहीतर उजेड पाहून आपोआप बंद होणारा सेन्सर बसवा. बस्स. हो किंवा नाही म्हणून दोन मिनिटांत मोकळं व्हायचं काम. त्यावर सव्वा तास वाद झाला आणि त्यात दिव्यांबद्दल चार वाक्यंसुद्धा कुणी बोललं नाही.

पहिले गृहस्थ म्हणाले, "अहो, वीज जास्त लागणं हेच प्रगतीचं लक्षण आहे. काटकसर करून कुठला समाज श्रीमंत झालाय?" दुसरे लगेच त्यांच्यावर तुटून पडले. "हीच ती हाव! देवाधर्माचा धाक उरला नाही म्हणून माणूस असा सुटलाय." मग एक तरुण मुलगा ताडकन उठला. "धाकाचं मला सांगू नका काका. आधी सगळ्या प्रार्थनास्थळांवरची रोषणाई उतरवा, मग जिन्यातल्या दिव्याकडे या." झालं. तिथून गाडी जी घसरली ती घसरलीच. देव आहे की नाही, कोणत्या धर्माने जगाचं जास्त नुकसान केलं, लोक श्रीमंत झाले की देवाला विसरतात की देवाला विसरले की श्रीमंत होतात! मी दोनदा मध्ये बोलायला गेले. "ताई, तुमचा मुद्दा बारीक आहे, इथे मूळ प्रश्नावर चर्चा चाललीय," असं मला ऐकवलं गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

बारीक मुद्दा? मग हिशेब करा ना. 20 वॅटची एक ट्यूब, अशा पाच, म्हणजे 100 वॅट. दिवसाचे 12 तास धरले तर रोज 1.2 युनिट. वर्षाला 438 युनिट. ही वीज कोळशावर झाली असेल तर एका युनिटला साधारण अर्धा किलो कोळसा लागतो, म्हणजे एका जिन्यापायी वर्षाला 200 किलोंहून जास्त कोळसा. तो कुणीतरी जमिनीतून खणला, कुणीतरी वाहून आणला, जाळला, त्याचा धूर कुणाच्या तरी छातीत गेला. कशासाठी? उन्हाला उजेड दाखवण्यासाठी. आणि असा जिना जगात एकच आहे का?

याला बारीक म्हणायचं आणि देवाच्या अस्तित्वाचा निकाल मात्र जिन्यात उभं राहून लावायचा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

घरी आल्यावर डोकं जरा थंड झालं तेव्हा मला एक गोष्ट उमगली, आणि तिने मी पुन्हा तापले. तावातावाने भांडणाऱ्या त्या लोकांचं एका बाबतीत पूर्ण एकमत होतं. वीज वाचवणं म्हणजे त्याग, हे तिघांनीही धरून ठेवलं होतं. पहिल्यांना त्याग नको म्हणून बचत नको. दुसऱ्यांना त्याग पवित्र वाटतो म्हणून बचत हवी, पण प्रायश्चित्तासारखी. तिसऱ्याला वाटतं, त्याग करायचाच तर आधी त्या दुसऱ्यांनी करावा. अरे, पण भर उन्हातला दिवा मालवण्यात कसला त्याग? कुणाचं काय गेलं? कुणी अंधारात बसलं? वाया जाणारी वस्तू वाया जाऊ न देणं आणि हवी असलेली वस्तू सोडून देणं यातला फरक लहान मुलालाही कळतो. तो या शिकल्यासवरल्या माणसांना का कळू नये?

हा घोळ आजचा नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर 2 फेब्रुवारी 1977 ला लोकरीचं स्वेटर घालून टीव्हीवर बसले आणि लोकांना म्हणाले, घरातली हीटर कमी ठेवा, दिवसा 65 अंश फॅरनहाइट, रात्री 55. सल्ल्यात चूक काही नव्हती. पण लोकांच्या मनात कायमचं बसलं काय? तर ऊर्जा वाचवायची म्हणजे घरात कुडकुडायचं. कार्टर स्वतः मोठे श्रद्धाळू, चर्चमध्ये रविवारची शाळा घेणारे. 15 जुलै 1979 च्या भाषणात त्यांनी थेट म्हटलं की आपल्यातले फार लोक आता चैनीची आणि उपभोगाची पूजा करू लागले आहेत. तेलाच्या टंचाईवर बोलायला बसलेला माणूस देशाला प्रवचन देऊन गेला. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. हरण्याची इतर कारणंही होती, महागाई होती, इराणमधले ओलीस होते. पण एक मात्र खरं: त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर बसवलेली पाणी तापवणारी 32 सौर पॅनेल 1986 मध्ये, पुढचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात, उतरवली गेली. ती फुकटच्या उन्हावर पाणी तापवत होती. त्यात कुणाचा धर्मही बुडत नव्हता आणि कुणाची समृद्धीही.

आता त्याच काळातला दुसरा माणूस बघा. आर्थर रोझेनफेल्ड, भौतिकशास्त्रज्ञ, एन्रिको फर्मींचा विद्यार्थी. 1973 च्या नोव्हेंबरमध्ये, अरब देशांनी केलेल्या तेलबंदीच्या दिवसांत, एका शुक्रवारी संध्याकाळी तो कॅलिफोर्नियातल्या आपल्या प्रयोगशाळेतून घरी निघाला. मजल्यावरच्या वीसेक खोल्यांत दिवे तसेच चालू, आणि माणसं आता सोमवारीच येणार. त्याने ठरवलं, सगळे बंद करूनच जायचं. पण बटणं सापडेनात! कुठे कपाटाच्या मागे, कुठे पुस्तकांच्या फडताळामागे, कुठे भिंतीवर चिकटवलेल्या कागदाखाली. कुणीच कधी दिवे बंद करत नव्हतं, तेव्हा बटणाची कुणाला गरज पडणार? हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं बटण चपलांच्या रॅकच्या मागे आहे. हात घालून चाचपडावं लागतं, बाहेर काढला की कोपरापर्यंत जाळी आणि धूळ.

त्या रोझेनफेल्डने प्रवचन दिलं नाही. तो यंत्रांच्या मागे लागला. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी हट्ट धरला, नियम करवले, मोजमापं लावली, आणि फ्रिजचं काय झालं ते बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला 1,800 युनिटच्या आसपास वीज खायचा. 2001 पर्यंत ते 500 च्या घरात आलं. फ्रिज लहान झाला नाही, उलट मोठा झाला. महागाईचा हिशेब धरला तर स्वस्तही झाला. कुणाचं दूध नासलं नाही. दिव्याचंही तेच. जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतली 5 ते 10 टक्केच उजेडात बदलायचा, बाकीची नुसती उष्णता. आज 9 वॅटचा एलईडी 60 वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं त्याच्या शोधाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उजेड तेवढाच, वीज सातवा हिस्सा. यात काटकसरीचं दुःख कुठे आहे?

म्हणून ते पहिले गृहस्थ जेव्हा "वीज म्हणजेच प्रगती" म्हणतात तेव्हा मला संताप येतो. जर्मनीची अर्थव्यवस्था 1990 नंतर बरीच वाढली आणि तिथला एकूण ऊर्जावापर मात्र उतरला. काही कारखाने बाहेरच्या देशांत गेले, हे मी मान्य करते, सगळं श्रेय बचतीचं नाही. तरी वीज वाढल्याशिवाय पैसा वाढतच नाही हा दावा तिथे उघडा पडतो. माणूस श्रीमंत होतो तो विजेतून काय काम करून घेतलं त्यावर, किती जाळली त्यावर नाही. गळका हौद भरत बसणाऱ्याला आपण पाणीदार म्हणत नाही.

आणि तो इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, 1865 चा जेव्हन्स, माझ्या तोंडावर फेकू नका, तोही मी वाचलाय. वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळशाचा खप कमी होण्याऐवजी वाढला, हे त्याने दाखवलं आणि ते खोटं नाही. स्वस्त झालं की माणूस जास्त वापरतो. स्वस्त एलईडी आले म्हणून लोकांनी रिकाम्या भिंतीही उजळल्या. पण त्यातून अर्थ काय काढायचा? की यंत्रं सुधारली तरी वापरावर लक्ष ठेवावं लागतं, नियम लागतात, दर नीट ठरवावे लागतात. "म्हणून काहीच करू नका" हा अर्थ नव्हे. आणि आमच्या जिन्याला तर जेव्हन्सही लागू होत नाही. दिवसा दिवा बंद झाला म्हणून कुणी दुसरा दिवा लावणार नाहीये.

करायचं ठरवलं तर किती पटकन होतं, त्याचंही उदाहरण आहे. अलास्कातलं जुनो शहर. एप्रिल 2008 मध्ये हिमकडा कोसळला, जलविद्युत केंद्राची तार तुटली, डिझेलवर वीज करावी लागली आणि दर पाचपटीच्या आसपास गेले. काही आठवड्यांत त्या शहराने विजेचा वापर 30 टक्क्यांहून अधिक उतरवला. माणसं तीच होती. आस्तिक आस्तिकच राहिले, नास्तिक नास्तिक. त्यांनी आधी देवाचा प्रश्न सोडवला आणि मग बटणाला हात लावला, असं काही झालं नाही.

आता धर्माचं. मी धर्माला शिव्या द्यायला बसलेली नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. देवाधर्माचं नाव घेऊन बोलणाऱ्या त्या गृहस्थांनी आपल्याच काय, कुठल्याही परंपरेत या विषयावर काय म्हटलंय हे उघडून पाहिलं असतं तर ते माझ्या बाजूने उभे राहिले असते. ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात चक्क दिव्याची चर्चा आहे. तेलाचा दिवा झाकला किंवा नाफ्त्याचा, म्हणजे भडकन पेटणाऱ्या खनिज तेलाचा, दिवा उघडा ठेवला तर इंधन भराभर जळतं, म्हणून तसं करणारा नासाडीचा दोषी, असं त्या जुन्या पंडिताचं मत आहे. काय बारीक नजर असेल त्या माणसाची! इस्लाममध्ये उधळपट्टीला वेगळा शब्दच आहे, इस्राफ, आणि तो दोष मानलाय. बौद्ध ग्रंथांत बुद्धाचा शिष्य आनंद याला राजा विचारतो, नवी चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, आल्यावर जुन्यांचं काय करता? तो सांगतो, त्यांची अंथरुणावरची चादर, चादरीची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून भिंतीला लिंपण. जैनांचा अपरिग्रह तर सगळ्यांना ठाऊक आहे. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर सबंध परिपत्रक काढलं, त्याच वर्षी इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानावर जाहीरनामा काढला.

यातल्या कुठल्याही धर्माने "आधी समोरच्याचं मत बदल आणि मग दिवा मालव" असं सांगितलेलं नाही. मग धर्माचा अभिमान सांगणाऱ्याने सगळ्यात आधी उठून ते बटण दाबायला नको? तुमच्या श्रद्धेने तुम्हाला हे शिकवलं असेल तर करून दाखवा, मी हात जोडून आभार मानीन. पण श्रद्धा नसलेल्या शेजाऱ्यालाही ते पटावं असं वाटत असेल तर त्याच्याशी युनिटच्या भाषेत बोला, पापाच्या नको. सार्वजनिक जिन्यात तो जितका राहतो तितकेच तुम्ही राहता.

आणि त्या तरुण मुलालाही मला सांगायचंय. प्रार्थनास्थळावरची रात्रभराची रोषणाई वाया जाते हे तुझं म्हणणं खरं आहे. मी तिथेही तुझ्याबरोबर येईन बोलायला. पण जाहिरातींचे फलक रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर झगमगतात, रिकाम्या कचेऱ्यांचे मजलेच्या मजले उजळलेले असतात, त्याला कुठला धर्म लावायचा? तुझ्या घरातला सेटटॉप बॉक्स टीव्ही बंद करून झोपलास तरी रात्री हाताला गरम लागतो. लावून बघ हात. तो गरमपणा म्हणजे कुणीही पाहत नसताना जळलेली वीज आहे. दुसरा आधी सुधारू दे म्हणत बसलं की दोघंही सुधारत नाहीत.

सगळ्यात जास्त मला लागतं ते वेगळंच. जगात आजही सुमारे 70 कोटी माणसांच्या घरात वीज नाही. त्यांना वीज हवी, भरपूर हवी, पोरांना अभ्यासाला हवी, दवाखान्यात लस थंड ठेवायला हवी. त्यांना काटकसर शिकवायला कुणी गेलं तर मी त्यालाही सोडणार नाही. समृद्धीची खरी बाजू तिथे आहे. पण आमचे गृहस्थ समृद्धीच्या नावाने जे वाचवत होते ते काय, तर दुपारच्या उन्हात जळणाऱ्या पाच ट्यूब.

बैठक संपली तेव्हा ठरलं इतकंच की विषय "सखोल चर्चेसाठी" पुढच्या बैठकीत घ्यायचा. लोक उठले, वाद घालत घालतच वर गेले, पाचही दिव्यांखालून गेले. एकाचाही हात बटणाकडे गेला नाही. मी मागून एकेक मजला चढत सगळे बंद केले. तिसऱ्यावर रॅक सरकवावा लागला, त्याचा पाय फरशीवर कर्रकन वाजला, आणि वरून आवाज आला, "कोण आहे? दिवे का गेले?"

"मी बंद केले," मी म्हणाले. "ऊन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही चालू होते. आज पुन्हा बंद करून आलेय, आणि रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलाय.